एक मिनिट अकरा सेकंद

मित्रांनो, किती वाजले हे मला विचारू नका, ते मला कधीच सांगता आले नाही. मी आहे एक जुने स्टॉपवॉच. किती वेळ लागला, एवढेच मला कळते. पोलादी अंग, पांढरी तबकडी, डोक्यावर एक बटण. तेच बटण पिळून मला चावी देतात आणि तेच दाबून मला चालू-बंद करतात. माझी काच कडेला तडकली आहे, पण काटा अजून ठणठणीत आहे.

माझे तरुणपण मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या एका शाळेच्या मैदानावर गेले. तिथले खेळाचे शिक्षक तुळशीराम गुरुजी मला काळ्या दोरीने गळ्यात अडकवत. शिट्टी वाजली की त्यांचा अंगठा माझ्यावर पडे, आणि पहिला मुलगा रेषेवर पोहोचला की पुन्हा पडे. मग मला उंच धरून ते ओरडत, "साडेतेरा सेकंद! काय पोट्टं हाय बाप्पा!" सगळी मुले मला पाहायला धावत. मी गर्वाने फुगून जाई. जो लवकर पोहोचतो तोच चांगला, ही गोष्ट मी त्या मैदानावरच मनाशी पक्की केली. मागून येणाऱ्या मुलांना किती वेळ लागत असे, ते मला माहीत नाही. तोवर मला बंद केलेले असे.

गुरुजी निवृत्त झाले आणि मी त्यांच्या पुतणीकडे आलो. स्मिता मॅडम मानसशास्त्र शिकलेल्या. पांढुर्ण्याच्या एका खासगी शाळेत नवे शिक्षक घ्यायचे असले की त्यांना बोलावणे येई. उमेदवाराचे मन मुलांमध्ये राहण्याजोगे आहे की नाही, हे तपासून त्यांनी 'योग्य' किंवा 'अयोग्य' असे लिहून द्यायचे. मोबाइल ऐन वेळी वाजतो, म्हणून त्या मला बरोबर नेत.

परीक्षा अशी असे. छापील कागदावर हिंदीत चाळीस वाक्ये. प्रत्येकापुढे 'सहमत' किंवा 'असहमत' अशी खूण करायची. वेळ बारा मिनिटे. तीसपेक्षा कमी वाक्ये भरली, तर शेरा पडे, 'निर्णयात मंद'. मला हे काम फार आवडले. इथेही शर्यतच होती, आणि निकाल माझ्याच हातात होता.

दोन वर्षांपूर्वी तिगावची मोनाली आली. वडील कापसाच्या जिनिंग कारखान्यात हमाली करतात, आई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचते. त्या घरात शिक्षिकेची पदवी घेतलेली ही पहिलीच मुलगी. ती एकेक वाक्य वाचे, खिडकीबाहेर पाही, मग खूण करी. मला तिचा रागच आला. बारा मिनिटे झाली तेव्हा तिची सत्तावीस वाक्ये झाली होती. तिच्या कागदावर 'मंद' लिहिले गेले, आणि जागा मिळाली चाळीसच्या चाळीस वाक्ये नऊ मिनिटांत संपवणाऱ्या एका तरतरीत शिक्षकाला. मुलांचा गोंगाट सहन होतो, या वाक्यापुढेही त्याने झटक्यात 'सहमत'ची खूण केली होती. दिवाळीपूर्वीच त्याने दुसरीतल्या एका मुलाच्या कानशिलात अशी लगावली की शाळेला त्याला काढावे लागले.

स्मिता मॅडम त्या दिवशी घरी मला समोर ठेवून बराच वेळ बसून होत्या. पुढच्या परीक्षेत मात्र त्यांनी एक नवा भाग घातला. उमेदवारासमोर एक लहान मूल बसवायचे, त्याला एक प्रश्न विचारायचा, आणि काय होते ते पाहायचे.

गेल्या जूनमध्ये तीच जागा पुन्हा निघाली आणि मोनाली पुन्हा आली. शाळेचा नियम असा की एका उमेदवाराला दोनदाच संधी. ही तिची शेवटची होती. कागदावर या वेळी तिची एकोणतीस वाक्ये झाली. एका वाक्याने ती पुन्हा 'मंद' ठरली. मुख्याध्यापक सौरभ सर कागद बाजूला सारत म्हणाले, "दुसरा भाग आता फक्त फॉर्मॅलिटी आहे मॅडम."

समोर बसवलेले मूल म्हणजे शाळेतल्या अंबाबाईंची नात. अंबाबाई शाळेत पाणी भरतात, वर्ग झाडतात. नातीचे नाव चंचल, पण या चंचलचा आवाज वर्गातही क्वचितच कुणी ऐकलेला. आधी अमित नावाचा उमेदवार बसला. त्याने विचारले, "सात पेन्सिली, दोन हरवल्या, किती उरल्या?" दोन सेकंद गेले. तिसऱ्या सेकंदाला त्यानेच सांगितले, "पाच! शाब्बास!" आणि तिच्या पाठीवर थापही दिली. अमित काही वाईट माणूस नव्हता. मला तर तो फारच आवडला.

मग मोनाली बसली. तिने खुर्ची बाजूला केली आणि खाली चटईवर चंचलसमोर मांडी घातली. विचारले, "एका झाडाले नऊ संत्री होती. तुह्या आजोबानं चार तोडली. किती राहिली?"

स्मिता मॅडमनी मला चालू केले. पाच सेकंद. दहा. वीस. चंचल फरशीकडे पाहत होती. मोनाली हलली नाही. तिने प्रश्न पुन्हा विचारला नाही, बोटे दाखवली नाहीत, हसूनही पाहिले नाही. चाळीस सेकंद झाले. हरली ही मोनाली, असे मला वाटले. माझा काटा पूर्ण फेरी मारून पुन्हा वर आला. सौरभ सर मोनालीकडे पाहून खाकरले. "सांगून टाका ना मॅडम. अजून तीन कॅंडिडेट आहेत."

मोनालीचा चेहरा उतरला. नोकरी याच माणसाच्या हातात होती. तरी ती हळू आवाजात म्हणाली, "थांबा जी सर. ते इचार करून राहिली."

एक मिनिट अकरा सेकंदांनी चंचलने मान वर केली. "पाच," ती म्हणाली. आणि मग खोलीतल्या कुणालाच अपेक्षा नव्हती असे पुढे बोलली, "पण ते हिरवे असन. हिरवे संत्रे आजोबा तोडत नाई. म्हणून राहिले."

पोरीने वजाबाकी केव्हाच केली असणार. बाकीचा सगळा वेळ, ती पाच संत्री झाडावर का ठेवली असतील याचा ती विचार करत होती. आणि मी, मूर्ख, सेकंद मोजत होतो.

स्मिता मॅडमनी मोनालीला विचारले, "मग तो कागद का नाही भरला तुम्ही पूर्ण? हिंदी जड जाते?"

"थोडी जाते जी. पण तसं नाई," मोनाली म्हणाली. "त्यात लिहिलं हाय, बच्चे के ग़लत उत्तर पर मुझे क्रोध आता है. आता येते का नाई येते, आठवून पाहा लागते ना मॅडम. घरी शिकवणीले पोट्टे येतात, त्यायच्यावर मी एकदा रागावली होती. खोटी खूण कशी करू?"

सौरभ सर नियम सांगू लागले. स्मिता मॅडमनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "दोन वर्षांपूर्वी मी घड्याळाला विचारून सही केली होती, सर. चूक माझी होती. आज मी पोरीला विचारून करते." आणि त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिले, 'योग्य'. सरांनी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला, चटईवरच्या चंचलकडे पाहिले, आणि खाली आपली सही केली.

मोनाली तिथेच रडली. मला मात्र आनंद झाला नाही. मॅडमच्या फाइलमध्ये अजून कितीतरी कागद आहेत, 'मंद' लिहिलेले. त्यांतले कोण खरेच मंद होते आणि कोण खरे उत्तर शोधत होते, हे आता कोण सांगणार? ते आकडे मी दिले आहेत. एकही चुकीचा नव्हता, आणि तरी मला त्यांची लाज वाटते.

मित्रांनो, माझी गोष्ट इथेच संपली असती. पण या जानेवारीत शाळेत खेळ होते आणि मोनाली मॅडमनी मला स्मिता मॅडमकडून मागून आणले. कित्येक वर्षांनी मी पुन्हा मैदानावर आलो. शिट्टी झाली, अंगठा पडला. दुसरीच्या मुली धावल्या. पहिली मुलगी रेषेवर आली. आता अंगठा पडणार म्हणून मी सवयीने तयार झालो. तो पडला नाही. दुसरी आली, पाचवी आली, टाळ्या संपल्या, मुली बिस्किटांच्या पुड्यांकडे पळाल्या. मी चालतच होतो. मैदानाच्या मध्यावर एकटी चंचल धावत होती, आणि मोनाली मॅडम मला हातात धरून रेषेवर तिच्याकडे पाहत उभ्या होत्या.

ती पोहोचली तेव्हा अंगठा पडला. मॅडमनी खाली बसून माझी तबकडी तिला दाखवली.

"एक्केचाळीस सेकंद," त्या म्हणाल्या. "पुरी शर्यत पयाली तू."

चंचलने तडकलेल्या काचेवरून बोट फिरवले आणि ती हसली. मला जपायचे असेल तर तेल घाला, कोरड्या जागी ठेवा, तुमची मर्जी. पण मुलांनो, उद्या मोठे होऊन तुम्ही कुणाला शिकवाल, कुणाची परीक्षा घ्याल, तेव्हा एवढेच करा. शेवटचे मूल पोहोचेपर्यंत मला बंद करू नका.