मामाच्या वेबसाइटची तपासणी

परशराममामाच्या दुकानातला फोन दिवसातून दोन-तीनदा वाजायचा. दर वेळी मामा हातातलं तेलकट फडकं टाकून धावत यायचा आणि दर वेळी पलीकडचा माणूस विचारायचा, "देवळात आरती किती वाजता असते हो?"

आता मामाचं दुकान म्हणजे काही देऊळ नव्हे! बेळगावच्या अनगोळात आमच्या घरापासून तीन गल्ल्या पुढे त्याचा एक गाळा आहे आणि तिथं तो पंचवीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्त करतो. तरी तो चिडायचा नाही. कणकुंबी त्याचं मूळ गाव, माउली त्याची देवी. तो आरतीची वेळ सांगायचा, वर घाटातल्या रस्त्यावर खड्डे कुठं आहेत तेही सांगायचा आणि फोन ठेवून परत फडकं उचलायचा.

मला लई हसू यायचं. मामीला यायचं नाही. कारण मशीनसाठी फोन येणं जवळजवळ थांबलंच होतं. मामानं ठरवून टाकलं होतं की गणपती झाले की गाळा सोडायचा आणि उद्यमबागेत एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून उभं राहायचं. तिथल्या सुपरवायझरला त्यानं शब्दही दिला होता. ज्याला नुसत्या आवाजावरून मशीनचं दुखणं कळतं, तो माणूस गाड्यांचे नंबर लिहीत बसणार! मामी हे बोलायची नाही, पण भाकरी जोरात थापायची.

त्याच आठवड्यात आमच्या प्रियदर्शनी मिसनी नववीच्या कॉम्प्युटरच्या तासाला प्रोजेक्ट दिलं. आपल्या भागातल्या कुणाचीही एक वेबसाइट घ्या, ती गूगलवर सापडते का बघा, नसेल सापडत तर का ते शोधा. मी वर्गात बोलणारी मुलगी नव्हतेच कधी. हजेरीला 'येस मिस'सुद्धा मी पुटपुटायचे. पण त्या दिवशी माझा हात आपोआप वर गेला. "मिस, माझ्या मामाची वेबसाइट आहे. ती तपासली तर चालेल?"

"चालेल काय, धावेल!" मिस म्हणाल्या. "फक्त एक कर सौम्या. आधी वेबसाइट उघडू नकोस. ज्या बाईचं मशीन बंद पडलंय ती बाई तू आहेस असं समज. ती काय टाइप करेल, ते वहीत लिही. मग शोध."

मी लिहिलं. शिलाई मशीन रिपेअर बेळगाव. मशीन दुरुस्ती अनगोळ. मशीन धागा तोडतंय काय करू. कन्नडमधून लिहिलं, इंग्रजीतूनही लिहिलं. सगळं टाकून बघितलं. पहिलं पान, दुसरं, पाचवं... मामा कुठंच नाही! शेवटी सहज म्हणून 'माउली कणकुंबी' टाकलं, तर तिसऱ्याच ओळीत मामा. म्हणजे मामाचं नाव नाही हं. तिथं लिहिलं होतं: ॥ श्री माउली प्रसन्न ॥ मु. पो. कणकुंबी. मी एवढ्यांदा ओरडले की आई स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन आली.

झालं होतं ते असं. मामाची पावतीबुकं ज्या प्रेसमध्ये छापतात, तिथल्या चिन्मयदादानं ही वेबसाइट करून दिली होती. त्यानं मामाचं छापील पत्रक घेतलं, त्याचा फोटो काढला आणि तो फोटो तसाच वेबसाइटवर चढवला. काम काय, दर काय, दुकान कुठं, फोन नंबर, सगळं त्या एका फोटोत. माणसाला ते वाचता येतं. पण गूगल आधी फोटोबाहेरचे शब्द बघतं, आणि फोटोबाहेर शब्द होते फक्त पत्रकाच्या डोक्यावरचे दोन: देवीचं नाव आणि मूळ गाव. आमच्याकडे कुठलाही कागद त्याशिवाय सुरू होतच नाही ना! चिन्मयदादानंही रीतसर तेच शीर्षक म्हणून टाकलं. गूगलला वाटलं, देऊळच आहे.

संध्याकाळी मी दुकानात गेले. मामा एका जुन्या काळ्या मशीनचं, बॉबिन बसते ते शटल काढून बसला होता.

"मामा, ते वरचं शीर्षक बदलायला पाहिजे."

"कुठलं?"

"माउलीचं."

मामानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "सौम्ये, पंचवीस वर्षं झाली. पयली पावती फाडली तवापासनं पयली वळ तिची हाय. धंदा बसला म्हणून देवीला उठवू व्हय?"

"उठवायचं न्हाय रं, जरा खाली—"

"खाली?" मामा एवढंच म्हणाला. मामी आतून चहा घेऊन येत होती, ती तिथंच थांबली.

पूर्वीची मी असते तर पळालेच असते. खरं सांगायचं तर पळालेच. पण दुसऱ्या दिवशी मिसना गाठलं आणि सगळं सांगितलं. मिस हसल्या नाहीत, म्हणून त्यांचे आभार. म्हणाल्या, "मामांचं चुकलेलं नाही. पानाच्या आत पहिली ओळ देवीचीच राहू दे. शीर्षक वेगळं असतं, ते शोधणाऱ्याला बाहेरून दिसतं. पण हे मी सांगून उपयोग नाही. त्यांच्याच कामातलं काहीतरी शोध."

मी शोधत दुकानात गेले. तेवढ्यात मामानं एक दुरुस्त झालेलं हेड, म्हणजे मशीनचा वरचा भाग, गोणपाटात गुंडाळलं. खानापूरकडची गिऱ्हाइकं असतील तर तो मशीन बसमधून पाठवतो. आत त्यानं चिठ्ठी टाकली, सुतळीनं तोंड शिवलं आणि वर जाड पेननं लिहायला लागला.

"मामा, वर काय लिहितोयस?"

"गिऱ्हाइकाचं नाव. गाव. फोन. दुसरं काय?"

"आणि माउलीचं नाव?"

"ते आत. चिठ्ठीच्या डोक्यावर." तो लिहीत होता. "वर माउलीचं नाव लिवलं तर कंडक्टर उतरवंल कुठं हे?"

मी गोणपाटाकडे बोट केलं आणि त्याच्याकडे बघत राहिले. मामाचा पेन हळूहळू थांबला.

"च्यायला," मामा म्हणाला. मग मी आहे हे आठवून त्यानं जीभ चावली. मामी आतून खळखळून हसली. "घ्या! पोरगीनं गोणपाटावर पकडलं!"

मग काय, बसलोच आम्ही! पावतीबुकाच्या मागं चिन्मयदादानं पासवर्ड लिहून ठेवला होता. बाहेरचं शीर्षक केलं: शिलाई मशीन दुरुस्ती, अनगोळ, बेळगाव. आत पहिल्या ओळीत माउली, आपल्या जागी. फोटोतला सगळा मजकूर मी टाइप केला. नंबर असा टाकला की बोट लावलं की फोन लागावा. नकाशावरचं ठिकाणही कणकुंबीत होतं, ते गाळ्यावर आणलं.

मग मी म्हटलं, "मामा, आता सांग. मशीन धागा तोडतंय, तर काय करायचं?"

"सुई बग आदी. उलटी बसवलीया का?"

"आणि खालून गुंता होत असंल तर?"

"तर वरचा धागा नीट ओवला न्हाय. बायका उगंच बॉबिनवर राग काढतात."

तो सांगत गेला, मी टाइप करत गेले. मशीन जड चालतंय. पट्टा घसरतोय. टाका सुटतोय. मामाला एवढं येतं हे मला माहीतच नव्हतं! मध्येच तो थांबला आणि म्हणाला, "समदं हितंच सांगून टाकलं तर माझ्याकडं कोण येणार गं?" मग स्वतःच म्हणाला, "जाऊ दे. एकाद्या बाईचं काम अडलं असंल, तिचं तर हुईल. लिव."

मिसनी आधीच बजावलं होतं, गूगलला कळायला वेळ लागतो, जादू नाही ही. चार दिवस काही नाही. आठ दिवस झाले. गणपती आले, मोदक खाल्ले, गणपती गेले. आरतीचे फोनही बंद झाले! मामा म्हणाला, "आता तर देवीची माणसंबी न्हायत." मला रडूच आलं. त्यानं गाळ्यातली कपाटं आवरायला घेतली.

पंधराव्या दिवशी मी शाळेतून थेट दुकानात आले, तर मामा फोनवर. एक हात कानाला, दुसऱ्या हातानं हवेत सुई बसवत होता. "आता चपटी बाजू कुठं हाय? हां... आता चालवा... मला आवाज ऐकू द्या." फोनमधून मशीनची खडखड मलाही ऐकू आली. मामा डोळे मिटून ऐकत होता.

निपाणीच्या विनोदिनीताई होत्या त्या. त्यांचा शिवणक्लास. आठ मशीन, त्यातली पाच बंद, आणि पुढच्या महिन्यात त्यांच्या मुलींची परीक्षा. धाग्याचा गुंता टाइप केला आणि मामाचं पान सापडलं. एक मशीन तर त्या पानावर वाचूनच चालू झालं म्हणे. "ज्यानं फुकट एवढं सांगितलं, त्यालाच बाकीची दाखवायची," असं त्या म्हणाल्या. रविवारी मामा निपाणीला गेला, दोन मशीन तिथंच दुरुस्त केली आणि दोन घेऊन आला. तोपर्यंत इकडे आणखी तीन फोन. एक तर आमच्याच गल्लीतून!

सोमवारी मामानं सुपरवायझरला फोन लावला. मी आणि मामी कान देऊन उभ्या.

"ना बरंगिल्लरी सर," मामा कन्नडमध्ये म्हणाला. मी येत नाही. मग थोडं ताठ होऊन, "नन्न अंगडी चालू ऐति." माझं दुकान चालू आहे.

मामीनं पदर डोळ्यांना लावला आणि लगेच म्हणाली, तेल उडालं. कुठलं तेल! मी मिसची आठवण काढली. त्यांनी त्या दिवशी 'धावेल' म्हटलं नसतं तर माझा हात लगेच खाली आला असता. चिन्मयदादाचीही काढली, त्यानं निदान वेबसाइट तरी केली होती. आणि मामाची. नववीतल्या पोरीचं ऐकून घेणारा माणूस सगळ्यांना मिळत नाही.

मामानं फोन ठेवला. माझ्याकडे न बघता शटल पुसत म्हणाला, "तुज्या मिसचं मशीन असंल तर आणायला सांग. एक पैसा घेणार न्हाय."

"मामा, मिसकडं मशीनच न्हाय."

मामा विचारात पडला. "मग नुस्तं च्याला तरी बोलाव की गं."

आणि मामीनं तेव्हाच, मिसना विचारायच्याही आधी, चहाचे कप घासायला काढले.