रिपोर्ट नॉर्मल आहे

गाडी शिकवणाऱ्या बाईचं पोट दुखायला लागलं तेव्हा कोणालाच काही विशेष वाटलं नाही, तिला स्वतःलाही नाही. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसायचं, प्रत्येक वळणावर जीव मुठीत धरायचा, मग पोटात गोळा येणार नाही तर काय होणार? तिच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक क्लच आणि एक ब्रेक होता. समोर माणूस आडवा आलाय हे शिकणाऱ्याच्या ध्यानात यायच्या आत तिचा पाय ब्रेकवर पोचलेला असायचा. म्हणून तिच्याकडून शिकून गेलेली माणसं तिला ‘ब्रेकमॅडम’ म्हणत. या नावाचा तिला मनातून अभिमान होता.

दुखणं बेंबीच्या जरा वर, डाव्या अंगाला सुरू व्हायचं. कधी जेवल्यावर, कधी उपाशीपोटी, आणि कधी आठवडा आठवडा नाहीच. आलं की आत कोणीतरी ओला कपडा पिळतंय असं वाटायचं. मग मळमळ, मग दरदरून घाम. ते ओसरल्यावर जो थकवा यायचा तो दुखण्यापेक्षा वाईट. घरी परत आल्यावर जिन्याच्या कठड्याला धरून ती मधेच उभी राहायची, आणि शेजारचं कोणी वर येताना दिसलं की पर्समध्ये किल्ली शोधत असल्याचं दाखवायची.

नेहमीच्या डॉक्टरांनी पोट चार ठिकाणी दाबून पाहिलं.

“ॲसिडिटी आहे. काही काळजी, ताण?”

“मी गाडी चालवायला शिकवते.”

“मग बरोबर!” डॉक्टर हसले आणि गोळ्या लिहून दिल्या.

गोळ्यांनी फरक पडला नाही. दरम्यान तिचं पोट सगळ्यांच्या मालकीचं झालं होतं. शिकायला येणाऱ्या एकाने सकाळी थंड दूध प्यायला सांगितलं, दुसऱ्याने दूध म्हणजे विष म्हणून सांगितलं, आणि दोघांनीही क्लच सोडताना गाडी बंद पाडली. सासूबाईंचं मत ठाम होतं. “पोट साफ तर सगळं माफ,” त्या म्हणायच्या आणि सकाळी ती बाथरूममधून बाहेर आली की भुवया उंचावून तिच्याकडे पाहायच्या. त्या नजरेला काय उत्तर द्यायचं हे तिला कधी कळलं नाही.

मग सोनोग्राफी झाली. भरपूर पाणी पिऊन, लघवी रोखून, भिंतीला टेकलेल्या बाकावर ती बसून राहिली. आत गेल्यावर पोटावर गारढोण जेल आलं. “श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा.” पडद्यावर राखाडी ढग हलत होते. तपासणारी मुलगी त्या ढगांकडे बघत होती आणि ती त्या मुलीच्या चेहऱ्याकडे. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

रिपोर्ट नॉर्मल आला. तिचा नवरा फ्रिज आणि एसी दुरुस्त करायचा. हातातली हत्यारांची पिशवी खाली न ठेवताच त्याने कागद वरून खालपर्यंत वाचला. “चला, सुटलो!” तो म्हणाला. तीही सुटल्यासारखी हसली. त्या दिवशी सगळे पोटभर जेवले. पुढच्या आठवड्यात, बाजाराजवळच्या चौकात सिग्नल हिरवा होत असताना, तिच्या पोटात पुन्हा पिळा पडला.

यानंतर जे सुरू झालं त्याला शेवट दिसेना. रक्त झालं, लघवी झाली. छोट्या डबीत शौचाचा नमुना न्यायचा होता, तो तिने दोन पिशव्यांत गुंडाळून चोरीचा माल न्यावा तसा नेला, आणि काउंटरवरच्या माणसाने “हे कसलं आहे?” म्हणून सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं. नॉर्मल. थायरॉईड नॉर्मल. एका नळीत फुंकायची तपासणी झाली, तीही नॉर्मल. वजन मात्र उतरत होतं. “काय मॅडम, छान बारीक झालात! काय करता?” असं जुन्या ओळखीच्या बाया विचारायच्या. “पोट दुखतं,” असं तिने एकदा खरं सांगितलं तर ती बाई म्हणाली, “चला, कोणाला आमचं बघून दुखतं, तुमचं निदान स्वतःचंच दुखतंय!” दोघी हसल्या. तिला हसायला खरंच बरं वाटलं, पण घरी येऊन चपला काढायचंही त्राण उरलं नव्हतं.

पोटाच्या मोठ्या डॉक्टरांकडे जायची वेळ आली. उंच माणूस, सदा सर्दी झालेला, बोलता बोलता नाक पुसणारा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दुर्बिणीने आतून बघायचं ठरवलं. घशात कडू फवारा मारला, तोंडात प्लॅस्टिकची कडी बसवली, कुशीवर वळवलं. “थुंकी गिळू नका, बाहेर येऊ द्या,” नर्स म्हणाली. गिळायचं नाही म्हटल्यावर सारखं गिळावंसंच वाटत होतं. नंतर सुई टोचली, आणि भिंतीवरचा दिवा लांब गेला.

भूल दिल्यामुळे दिवसभर गाडी चालवायची नाही असं सांगितलं होतं. त्यामुळे नवऱ्याने चालवली. त्याला गाडी तिनेच शिकवली होती, पण फार काही जमली नव्हती. परतीच्या वाटेवर ती डोळे मिटून शेजारी बसली होती. घसा सोलवटलेला, डोकं जड. प्रत्येक गिअरला गाडी उचकी देत होती.

“डोळे मिटलेत ना तुझे?” तो म्हणाला.

“हो.”

“मग पाय कशाला दाबतेस सारखा?”

तिने डोळे न उघडताच सांगितलं, “अहो, समोर सायकल आहे.”

सायकल खरंच होती.

याही रिपोर्टमध्ये काही निघालं नाही. जठराला किंचित सूज होती. “तशी ती पुष्कळांना असते,” डॉक्टर म्हणाले. नवऱ्याने घरी येऊन फाईल कपाटावर ठेवली आणि पाठमोराच म्हणाला, “आता तरी मनातून काढून टाक. आतून कॅमेरा घालून बघितलं. काही नाहीये.”

“मग दुखतंय ते काय?”

“मी कुठे म्हणतोय दुखत नाही? पण तू फार लक्ष देतेस त्याच्याकडे. जरा दुर्लक्ष केलंस तर...”

“तुम्ही करा ना दुर्लक्ष. तुम्हाला जमतंय छान.”

 ती मोरीत गेली, नळ सोडला, आणि तोंड न धुताच उभी राहिली. काहीतरी निघालं असतं तर बरं झालं असतं असं तिच्या मनात आलं. लहानसं का होईना, नाव असलेलं काहीतरी. मग स्वतःचीच लाज वाटली. लोक असा कागद हातात पडावा म्हणून हात जोडतात, आणि आपल्याला तो हवा तसा आला नाही म्हणून रडू येतंय.

त्या दिवसापासून तिने घरात पोटाचा विषय काढणं सोडून दिलं. दुखलं की बाल्कनीत कपडे काढायला जायची. सासूबाईंनी विचारलं तर “बरं आहे” म्हणायची. सांगायचे कष्ट आता दुखण्यात मिळवावेत इतकी ताकद तिच्याजवळ नव्हती.

तिच्याकडे तेव्हा एक ग्रंथपाल बाई शिकत होत्या. निवृत्तीला टेकलेल्या, अतिशय सभ्य. मागून कोणी हॉर्न वाजवला की काच खाली करून “माफ करा हं” म्हणायच्या. चढावर गाडी उभी करून पुन्हा सुरू करणं त्यांना काही केल्या जमत नव्हतं. त्या दिवशी त्या पुलाच्या चढाचाच सराव करत होत्या, आणि अर्ध्या चढावर ब्रेकमॅडमच्या पोटात असा पिळा आला की तिचा आवाजच बंद झाला.

“मॅडम, आता क्लच अर्धा ना?” ग्रंथपाल बाईंनी विचारलं. उत्तर आलं नाही. त्यांनी वळून पाहिलं. मॅडम पांढऱ्याफटक पडल्या होत्या, कपाळ समोरच्या डॅशबोर्डला टेकलेलं होतं.

ग्रंथपाल बाईंनी गाडी बंद केली, हँडब्रेक ओढला आणि धोक्याचे दिवे लावले. दिव्यांचं बटण शोधताना वायपर सुरू झाले ते तसेच कोरड्या काचेवर फिरत राहिले. मागे रांग लागली, हॉर्न वाजू लागले. बाई उतरल्या, दुसऱ्या बाजूने दार उघडून त्यांनी तिला हाताला धरून फुटपाथवर बसवलं. ती गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर कलंडली आणि तिथेच ओकली. मागच्या टेम्पोचा ड्रायव्हर ओरडत आला, “अहो बाई, गाडी बाजूला घ्या!”

“मला येत नाही,” ग्रंथपाल बाई म्हणाल्या. “ज्यांना येते त्या आजारी आहेत. तुम्ही घ्या.”

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कोणाची माफी मागितली नव्हती. टेम्पोवाल्याने गाडी पुलाखाली नेऊन लावली. बाईंनी तिच्या फोनवरून नवऱ्याला बोलावलं.

तो जवळच्याच एका इमारतीत कामावर होता. पळत आला. त्याने तिला थकलेली, चिडलेली, झोपलेली पाहिलं होतं. अशी पाहिली नव्हती. एक गाल फरशीला लागलेला, केस ओले, ओठ दाताखाली. ती दर खेपेला त्याच्यापासून लांब जाऊन दुखणं काढत होती हे त्याला तिथे समजलं. तो खाली बसला. काय करावं ते न सुचून त्याने तिची चप्पल सरळ केली.

“असं होतं?” त्याने विचारलं.

तिने मान हलवली.

“दर वेळी?”

“कधी कमी. कधी जास्त.” थोड्या वेळाने ती म्हणाली, “पाणी आहे का?”

पाणी ग्रंथपाल बाईंच्या पिशवीत होतं.

तिला त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. सलाईन लागलं, आणि ते संपेपर्यंत दुखणंही थांबलं होतं. बाहेर थांबलेल्या नवऱ्याने आत येऊन खुर्ची ओढली. तो सलाईनच्या थेंबांकडे बघत होता.

“गिऱ्हाईक फोन करतं ना, फ्रिज मधेच बंद पडतो म्हणून,” तो म्हणाला. “मी जातो, तासभर बसतो, फ्रिज मस्त चालू. मग मी सांगतो, काही नाही हो, तुम्हाला उगाच वाटतंय. आणि मी जिना उतरेपर्यंत तो परत बंद.”

“मग?”

“मग काय. फॉल्ट असतोच. मी असताना दिसत नाही एवढंच.”

त्याने तिच्या हातावर हात ठेवला. त्याला माफ करायलाही अंगात जोर लागतो, आणि तो आज नव्हता. पण त्याचा हात तिने बाजूला केला नाही.

यानंतर सीटीस्कॅन झालं. औषध नसेतून गेल्यावर सगळ्या अंगातून गरम लाट गेली. मग मोठ्या आतड्याची तपासणी ठरली. त्याच्या आदल्या दिवशी घरात तिला एकच काम होतं, एक पावडर भांडंभर पाण्यात कालवून पीत राहायचं आणि बाथरूमकडे धावायचं. चव म्हणजे लिंबू पिळलेलं समुद्राचं पाणी. नवऱ्याने सुट्टी घेतली होती. तो बाथरूमच्या दाराबाहेर स्टूल टाकून पुढचा ग्लास घेऊन बसला.

“तुम्ही जरा लांब बसा हो,” ती आतून म्हणाली. “लाज वाटते.”

“रेडिओ लावू का मोठ्याने?”

“लावा.”

त्याने रेडिओ लावला. शेतीच्या बाजारभावाच्या बातम्या चालू होत्या. सासूबाई दोनदा येऊन डोकावल्या आणि म्हणाल्या, “आता तरी साफ झालं असेल.” आतून तिच्या हसण्याचा आवाज आला, बारीक, दमलेला.

त्या तपासणीतही काही निघालं नाही. मोठे डॉक्टर नाक पुसत बराच वेळ फोटो वरखाली करत होते. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

“काय नाही ते आपल्याला कळलं. कॅन्सर नाही, अल्सर नाही, अडथळा नाही. काय आहे ते मला अजून माहीत नाही.”

तिने वर पाहिलं. इतक्या महिन्यांत हे वाक्य तिला कोणी म्हटलं नव्हतं.

“म्हणजे मनाचं नाही?” नवऱ्याने विचारलं.

“दुखणं खरं आहे. वजन उतरलंय, ते काही मनाने उतरत नाही. मधलं लहान आतडं अजून राहिलंय, तिथे ही दुर्बीण पोचत नाही. पुढच्या महिन्यात कॅमेऱ्याची गोळी गिळायची, ती बघून येईल. तोवर पिळा कमी करणारं औषध देतो. आलात की कसं दुखलं ते सांगा, संकोच नको.” ते थांबले. “त्यातही कदाचित काही दिसणार नाही. तरी तुम्ही यायचं.”

औषधाने थोडा फरक पडला. पिळा यायचा, पण लवकर सुटायचा. तिने दुपारचे वर्ग बंद केले. नव्याने येणाऱ्यांना ती पहिल्याच दिवशी सांगू लागली की मला मधेच पोटात दुखतं, तेव्हा गाडी कडेला घ्यायची आणि गप्प बसायचं. दोघंजण ऐकून दुसरीकडे गेले. ग्रंथपाल बाई परीक्षेत चढावर नापास झाल्या आणि पुन्हा तिच्याकडेच आल्या.

पण हे सगळं नंतरचं. मोठ्या डॉक्टरांनी ‘माहीत नाही’ म्हटलं त्या दिवशी दवाखान्यातून दोघं घरी आले तेव्हा सासूबाई दारातच होत्या.

“काय निघालं?”

“काही नाही, आई,” ती म्हणाली.

“एवढ्या नळ्या घातल्या आणि काही नाही?”

“नाही. दुखतं मात्र आहे.”

एरवी त्यांनी साफ-माफ काढलं असतं. त्या सुनेकडे नीट बघत राहिल्या, खांद्यावरून ढळलेल्या ओढणीकडे, गळ्याच्या वर आलेल्या हाडांकडे. मग आत जाता जाता म्हणाल्या, “बरं. काय खाशील?”

तिने खरोखर विचार केला. भात आठवला, नुसती भाकरी आठवली, फळं आठवली. कशाचीच खात्री वाटेना.

“माहीत नाही,” ती म्हणाली, आणि भिंतीला टेकून खाली बसली. “आधी जरा बसते.”

सासूबाईंनी पंखा लावला.