बोट कुणाचं, साखर कुणाची
सुनेला काळीजच नाही, असं आजींचं ठाम मत होतं. नाहीतर पंधरा वर्षांच्या पोरीचं बोट रोज उठल्याउठल्या टोचायला कोणती आई सांगेल? पोरगी मुसमुसते, आणि ही बया दारात उभी राहून म्हणते, "आधी साखर तपास, मग रड!"

नातीला टाइप दोनचा मधुमेह झाला होता. एरवी मोठ्यांचा हा आजार आता पोरासोरांतही दिसतो. दिवसभर अंगात टिकणारं एक इन्सुलिन या वयाच्या मुलांना कितपत मानवतं, याची दवाखान्यात चाचणी चालली होती. सगळं समजावून, मायलेकींच्या सह्या घेऊन नातीला त्यात घेतलेलं. रोज एक इंजेक्शन आणि सकाळी उपाशीपोटी साखर. यंत्रातल्या आकड्यावरून डोस ठरायचा.

आजींचा जन्म शिवणकामात गेलेला. सुयांनी बोटं पार निबर झालेली. एके दिवशी सून आंघोळीला गेल्यावर त्यांनी बोट पुढे केलं. "ठमे, माझं टोच. मला मुंगी चावल्याइतकंही कळत नाही."

आकडा आला अठ्ठ्याण्णव. नात हसली. आजींची तर कॉलरच ताठ झाली. सत्तरीतही अठ्ठ्याण्णव! मग हा रोजचाच शिरस्ता झाला.

तीन महिन्यांनी दवाखान्यात नर्स कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "घरचे आकडे सोन्यासारखे, म्हणून डोस वाढवला नाही. पण आमच्या तपासणीत साखर भलतीच चढलेली. असं कसं?"

"तुमचं औषधच कुचकामी!" आजी कडाडल्या. "पोरांवर प्रयोग करता आणि वर आम्हालाच विचारता?"

नर्सने नातीचा हात उलटा करून पाहिला. बोटं कोरी. मग आजींचा पाहिला. ठिपकेच ठिपके!

"आजी, एकीचं माप घेऊन दुसरीचा कपडा बेतता का हो?"

"मला काय वेड लागलंय?"

"मग आम्ही तेच केलं की! तुमच्या मापाने हिचं औषध बेतलं. साखर अशीच चढती राहिली तर ऐन तरुणपणी डोळे जातील, मूत्रपिंडं जातील. आणि ही एकटी नाही. या चाचणीवरून उद्या कितीतरी पोरांचे डोस ठरायचेत."

अरे देवा! लाडापायी केलं, ते वैऱ्यानेही केलं नसतं! डॉक्टरांनी ते आकडे खोटे म्हणून नोंदवले आणि डोस वाढवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजींनीच नातीला समोर बसवलं. "टोकाला नको, बोटाच्या कडेला टोच. कमी दुखतं." आकडा आला दोनशे बारा. नातीचा चेहरा पडला. "असू दे. खरा आहे ना? मग उतरेल."

मंडळी, आजार लपवला म्हणून बरा होत नाही. आतून पोखरत राहतो. हे आजींना उतारवयात उमगलं. त्या दाराकडे वळल्या.

"सूनबाई, तुला काळीज नाही, असं गावभर सांगत फिरले मी. पोरीला रडवलंस तू, पण वाचवायला निघालीस तूच. मी तिचे डोळे पुसत बसले आणि तेच डोळे घालवायला निघाले होते. उद्यापासून तू दारात उभं राहायचंस, आणि मी बोट मधे घातलं तर आधी माझा हात धरायचास!"