पाहुण्यांनी भरलेली खोली

वडूजच्या नव्या घरात अंकितानं माडीवरची खोली मागून घेतली. बोलत्या पुस्तकांसाठी वाचायचं काम तिला मिळालं होतं. पण पुण्याच्या कंपनीनं पहिलाच नमुना परत पाठवला. "आवाज गोड आहे, पण तुम्ही आडात बसून वाचताय का?"

खोलीत गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती. शब्द सुटला की आदळून माघारी यायचा. अंकितानं अंड्यांचे ट्रे चिकटवून पाहिले. काडीचा फरक पडला नाही. मग घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या आणि घोंगडी तिनं भिंतींवर लटकवली. टाळी वाजवली, ती जागच्या जागी विरली. ती एकटीच खुदकन हसली.

पुस्तक शेवटच्या प्रकरणावर आलं आणि भर दुपारी सासूबाईंचे भाऊ बिराप्पा जतहून कुटुंबकबिल्यासह जत्रेला हजर झाले. सासूबाई, सुलाबाई, थेट माडीवर आल्या.

"आगं, भिंतींस्नी थंडी वाजतीया व्हय? पाव्हण्यांना अंथराय काय न्हाई. काढ ती!"

"आत्या, आज पाठवायचंय हो."

"मग माज्या भावाला फरशीवर बसवू?"

अंकिताला लग्नाचा हॉल आठवला. रिकामा असला की घुमतो, वऱ्हाड भरलं की गप्प होतो. ती म्हणाली, "सगळ्यांना वरच आणा. घोंगडी खाली अंथरू, भिंतीला टेकून बसा. फक्त चकार शब्द काढायचा नाही."

पाहुणे दाटीवाटीनं बसले. पंखा बंद झाला. बायकांनी बांगड्या पदराखाली दाबल्या. गोष्ट होती चुकलेल्या म्हशीची. सरपंचाच्या परसात ती सापडणार एवढ्यात म्हशीची मालकीण दारात आली आणि सरपंच घाबरून कणगीत शिरला. खोलीत श्वासही ऐकू येईना.

"आरं गड्या, मागल्या दारानं पळ की!" बिराप्पा ओरडले.

हशा उसळला. सुलाबाईंना ठसका लागला. अंकितानं माईकवर डोकं टेकलं. तिचेही खांदे हलत होते.

ते पान पुन्हा वाचायचं ठरलं. खाली कुस्त्यांची हलगी वाजायला लागली, तशी ती भीतभीत म्हणाली, "मामा, तुम्हाला फडावर जायचं असेल ना?"

"कुस्त्या उद्याबी हायेत. तू म्हस सोडव आदी."

सुलाबाईंनी उठून खिडकी घट्ट लावली आणि तोंडात पदराचा बोळा कोंबून बसल्या. प्रकरण पुरं झालं, तसंच पुण्याला गेलं, आणि पसंतही पडलं.