लाल दिव्यासमोर विचारलेला प्रश्न

“मला लशीऐवजी नुसतं मिठाचं पाणी टोचलंत आणि मग मला तोच आजार झाला, तर काय?”

मित्रांनो, हा प्रश्न माझ्यासमोर नववीतल्या एका मुलीने विचारला. ‘डॉक्टरांना हे विचारून दाखव,’ अशी पैज तिच्या मैत्रिणींनी लावली होती. त्या तिला ‘भोंगा’ म्हणतात, ते काही उगाच नाही.

मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे. कारखान्यातून निघालो तो थेट या रुग्णालयात आलो. इथले निरोपसमारंभ मी टिपले, लांबलचक भाषणंही निमूटपणे टिपली. तेव्हा माझ्यापुढे येताना सगळेजण केस नीट करायचे. पुढे प्रत्येकाच्या हाती फोन आले आणि माझी रवानगी कपाटात, जुन्या फायलींच्या मागे झाली.

मग साथ आली आणि नव्या लशीची चाचणी सुरू झाली: काहींना लस, काहींना नुसतं मिठाचं पाणी टोचायचं आणि फरक पाहायचा. भाग घेणाऱ्याने आपल्याला काय समजलं ते स्वतःच्या शब्दांत सांगायचं आणि मी ते टिपायचं, असा नियम. पण घाई एवढी, की डॉक्टर छापील कागदच समोर धरायचे आणि लोक तो धडाधड वाचून मोकळे व्हायचे. एका आजोबांनी तर ‘येथे स्वतःचे नाव सांगावे’ हेही खणखणीत वाचलं. सगळे हसले. मला मात्र राग आला. असली पोपटपंची टिपायला मी कपाटातून बाहेर आलो होतो का?

या मुलीने कागद सरळ पालथा घातला.

डॉक्टर थकलेले होते. “बाळ, रोज माणसं दगावतायत. प्रत्येकाशी असं बोलत बसलो तर लस यायची कधी? सिस्टर, कॅमेरा बंद करा.”

“घाई आहे म्हणून तर नीट सांगायला हवं, सर,” सिस्टर म्हणाल्या आणि हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

मुलीचे बाबा बसचालक. ते उठलेच. “चल घरी. माझी पोर काही उंदीर नाही.”

तिची आई याच रुग्णालयात चादरी धुते. ती जागची हलली नाही. “मग तपासायचं कोणावर? दरवेळी दुसऱ्यांच्याच पोरांवर?”

माझी बॅटरी संपत आली होती, पण माझा लाल दिवा मी विझू दिला नाही. डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली. “आजारी पडलीस तर तुझे उपचार आम्ही करू, मोफत. पाणी कोणाला आणि लस कोणाला, हे मलाही ठाऊक नसतं. चाचणी संपली की पाणी मिळालेल्यांना लस मिळेल. पण तुला काहीच होणार नाही, असं वचन मी देऊ शकत नाही.”

हे शेवटचं वाक्य कुठल्याच कागदावर नव्हतं. मित्रांनो, माझी काच पुसा, मला जपा, पण माझ्यासमोर कोणी प्रश्न विचारत असेल, तर मला बंद करू नका. पुन्हा कपाटात ढकललंत तरी मी हेच म्हणेन.

मुलगी आईबाबांकडे वळली. “बाबा, उंदराला कोणी विचारत नाही. मला विचारलंय. आई, मी चाचणीत जाणार. नको वाटलं तर मध्येच सोडेन, आणि तेही मीच ठरवेन. तुमच्या दोघांच्या सह्या लागतील, पण आधी माझी होऊ दे.”