आयालिकच्या बर्फातल्या सील

मार्गो लिंडक्विस्टला बोटीवर पाऊलही ठेवायचं नव्हतं. बावीस वर्षं तिने सीवर्ड बंदरातून पर्यटकांची बोट चालवली होती. गुडघे कामातून गेले तेव्हा सुकाणू सोडलं आणि ती फेअरबँक्सला लेकीकडे राहायला गेली. आता त्याच बंदरात तिकीट काढून बोटीत बसायचं? पण धाकटा भाऊ रॉयस ओरेगॉनहून गाडी घेऊन आला होता. होमरपर्यंत भटकायचा दोघांचा बेत होता, आणि सीवर्डला पोचताच त्याने खिशातून दोन तिकिटं काढून तिच्यापुढे नाचवली.

"कॅप्टन कोण आहे माहितेय? तुझा ब्रेंट!"

ब्रेंट हॅलोरनने सहा हंगाम तिच्या हाताखाली काढले होते. मग मात्र तिला नाही म्हणवेना.

सकाळ छान गेली. देवमाशाने शेपूट वर काढलं तेव्हा साठीला टेकलेला रॉयस पोरासारखा ओरडला. दुपारी बोट आयालिकच्या हिमनदीसमोर आली. पाण्यावर बर्फाचे तुकडे तरंगत होते, आणि त्यांवर सील पहुडल्या होत्या. जूनचा महिना, जवळजवळ प्रत्येकीच्या कुशीत पिल्लू.

इंजिनाचा आवाज आता उतरेल, मग उतरेल, म्हणून मार्गो वाट पाहत राहिली. तो उतरला नाही. बोट सरळ सीलच्या दिशेने निघाली होती.

"पाचशे यार्ड लांब राहायचं असतं," ती म्हणाली. "हा शंभरावर आलाय!"

"सुट्टीवर आलोय आपण," रॉयस कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाला. "बस ना जरा."

पहिली सील पाण्यात उतरली. मग दुसरी, मग एकदम सात-आठ. पिल्लं बर्फावरच राहिली आणि केकाटू लागली. लोक कठड्याला रेलून म्हणाले, "अगं बाई, किती गोड!"

मार्गोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुखऱ्या गुडघ्यांनी ती लोखंडी जिना चढली आणि तिने सुकाणूच्या खोलीचं दार धाडकन उघडलं.

"मागे घे."

"कॅप्टन," ब्रेंट दचकला. अजूनही तो तिला कॅप्टनच म्हणत होता. "इथे प्रवाशांना यायची..."

"मागे घे म्हणते ना! डोळे फुटले का तुझे?"

"दुसऱ्या कंपनीच्या बोटी जवळ जातात, कॅप्टन. आम्ही लांब राहिलो की लोक तक्रारी लिहितात. मालक रोज वाचून दाखवतो मला. तुमचे दिवस वेगळे होते."

"माझ्या दिवसांतही लोक तक्रारी करायचे. मी ऐकून घ्यायचे, पण बोट जवळ न्यायचे नाही!"

तिने माइक उचलला. "खाली सगळ्यांनी ऐका. ही पिल्लं गोड दिसतायत कारण त्यांच्या आया आपल्या भीतीने पळाल्यात. आई परत सापडली नाही, तर पिल्लू उपाशी मरतं. झाले तेवढे फोटो पुरे."

मग कुणीतरी ओरडलं, "आम्ही पैसे भरलेत, म्हातारे!" ब्रेंटने माइक तिच्या हातातून हिसकावला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. पण दुसऱ्या हाताने त्याने बोट मागे घेतली.

मग त्याने बोट बंदराकडे वळवली. बहुतेक सील पुन्हा बर्फावर चढताना तिने पाहिल्या. एक पिल्लू मात्र नजरेआड होईपर्यंत एकटंच होतं.

गाडीत बसताच रॉयस भडकला. "एवढ्या हौसेने आणलं तुला! सगळ्यांसमोर तमाशा केलास."

"मूस पास गावातल्या दुकानापाशी थांबव गाडी. फोन करायचाय."

"कुणाला?"

"वन्यजीव खात्याला."

"मार्गो, पोटावर पाय येईल त्याच्या. बायको आहे, दोन मुली आहेत."

"ठाऊक आहे. थोरलीचा पाळणा मीच दिला होता."

दुकानाबाहेर उभं राहून तिने बोटीचं नाव, वेळ, अंतर सगळं सांगितलं. फोनवरच्या बाईने विचारलं, "कॅप्टनला ओळखता का?"

"मीच शिकवलंय त्याला," मार्गो म्हणाली. तिचा आवाज इतका चढला की पेट्रोल भरणाऱ्या माणसाने वळून पाहिलं.

सोल्डोट्नाला रॉयसने एका खानावळीपाशी गाडी थांबवली. तिथे त्याने मासे आणि बटाट्याच्या दोन थाळ्या मागवल्या आणि एक तिच्यापुढे ढकलली. पुढे चौकशी झाली, आणि त्या हंगामापुरता ब्रेंटचा बोट चालवायचा परवाना गेला. बोटीच्या मालकाला मात्र कुणी काही विचारलं नाही. हे कळलं तेव्हा मार्गोने कागद घेतला आणि या वेळी मालकाचं नाव लिहून दुसरी तक्रार धाडली.