माझ्या पोटातले सव्वीस हंडे

मित्रांनो, मला पाहून तुम्ही नाक मुरडाल. मी प्रयोगशाळेतला जुना संगणक आहे. माझ्या कळफलकावर आकड्यांच्या कळा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या आणि अक्षरांच्या मात्र जवळजवळ नव्यासारख्या होत्या, यावरूनच माझं पहिलं आयुष्य ओळखा. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी नऊ वर्षं काढली. एका पाळीमागून दुसऱ्या पाळीची माणसं यायची, नमुन्यांचे आकडे माझ्यात भरायची आणि निघून जायची. ‘हा कधी दगा देत नाही,’ असं माझं कौतुक व्हायचं. मग नवा संगणक आला आणि मी अडगळीच्या खोलीत फुटक्या काचपात्रांशेजारी जाऊन पडलो. दोन वर्षं मला कुणी पुसलंही नाही.

तिथून मला उचललं श्रुतिकानं. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती नुकतीच तिथे लागली होती. साहेबांची रीतसर परवानगी घेऊन तिनं मला एसटीत मांडीवर धरून पोलादपूरला आणि तिथून आंबेनळीच्या रस्त्यावरच्या आपल्या वाडीत आणलं. पडवीत माझी जागा झाली.

“ह्याच्यावर सिरियल दिसतात काय गो?” शेजारच्या चंद्रभागाकाकीनं विचारलं.

“नाय काकी. ह्याच्यावर लिहायचंय.”

“मंग एवढा मोठा कशाला? वही नाय व्हय?”

वही पुरली नव्हती, हेच तर दुखणं होतं. वाडीखाली एक झरा आहे. उन्हाळ्यात नळ आटले की बायका पहाटे पाचला जाऊन त्यात रात्रभर साठलेलं पाणी उपसतात. वाडीतली निम्मी माणसं मुंबईला. ती मे महिन्यात येतात, चहा-आंघोळ उरकून दहाच्या सुमाराला झऱ्याकडे फिरायला जातात आणि तळाला नुसता चिखल पाहतात. त्यावरून त्यांच्या मंडळानं ठरवूनच टाकलं, की झरा मेला. तो बुजवायचा आणि त्या जागी सभामंडप बांधायचा. मेच्या शेवटी भराव पडणार होता.

श्रुतिकानं मात्र वर्षभर दर रविवारी पहाटे हंडे मोजून वहीत लिहिले होते. तिनं मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळं लिहिलं, पण घाईत गेल्या मेच्या सव्वीस हंड्यांचे बासष्ट झाले.

“बासष्ट? धरण बांधलंय काय आपण?” मंडळाचा सचिव मंगेशदादा याचा टोमणा लगेच आला. तिनं दुरुस्ती पाठवली, ती सुप्रभातच्या फुलांखाली आणि वाढदिवसाच्या केकांखाली गाडली गेली. चुकलेला निरोप मात्र आणखी चार ग्रुपांवर फिरला.

तेव्हापासून ती स्वतःच्या लेखनासाठी जागा शोधू लागली. आधी एक फुकटचं संकेतस्थळ घेतलं. त्याचे रंग निवडण्यातच दोन सुट्ट्या गेल्या आणि पानावर झऱ्यापेक्षा जाहिरातीच जास्त वाहू लागल्या. मग समाजमाध्यमावर पान उघडलं. ते रोज सांगायचं, किती जणांना आवडलं. हळूहळू ती आवडेल तेवढंच टाकू लागली. एकदा झऱ्याचा सुंदर फोटो टाकला आणि आकडे गाळले. ते तिचं तिलाच खटकलं.

तिसरी मांडणी तिनं माझ्यावर केली. प्रत्येक लेख म्हणजे माझ्यातली एक साधी फाइल. एक छोटा प्रोग्रॅम त्यांची पानं बनवतो आणि ती इंटरनेटवर तिच्या नावाच्या पत्त्यावर चढतात. जाहिरात नाही, आवडीनिवडीची मोजदाद नाही. मूळ माझ्याकडे, प्रत जगाकडे! घाटाच्या वळणावर, रेंजची एकच दांडी असताना, तिनं फोनवर पान उघडून पाहिलं. तीन मोजेपर्यंत ते उघडलं. घरी येऊन तिनं माझ्या डोक्यावर शाबासकीची थाप दिली. नऊ वर्षांत मला कुणी अशी दिली नव्हती.

मग तिनं बावन्न रविवार लिहिले. बासष्टवर रेघ मारून शेजारी सव्वीस लिहिलं आणि चूक कशी झाली तेही लिहिलं. शेवटी एक ओळ: ‘माझ्यावर विश्वास ठेवू नका. पहाटे पाचला या आणि स्वतः मोजा.’ पानाचा पत्ता तिनं ग्रुपवर टाकला.

भरावाला आठवडा उरला असताना मंगेशदादा पडवीत आला.

“चूक पुसून का नाय टाकलीस गो? कोणाला कळणार होतं?”

“दादा, पुसलेली कुणी शोधून काढली असती, तर बाकीचे एकावन्न आकडेपण खोटे ठरले असते.”

त्यानं माझ्या पडद्यावरची शेवटची ओळ पुन्हा वाचली. “उद्या येतो. पण मी मोजणार, तू नाय.”

दुसऱ्या दिवशी उजाडताना सगळी वरात झऱ्यावरून थेट पडवीत शिरली. मंगेशदादाची पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती.

“पंचवीस,” तो म्हणाला.

“सव्वीस रे!” काकी कडाडली. “माझी कळशी धरली नाय तू!”

“कळशी म्हणजे हंडा नाय, काकी.”

“पानी नाय व्हय त्यात?”

श्रुतिकानं हसत हसत माझ्यावर नोंदवलं: पंचवीस हंडे, एक कळशी. मोजणारा, मंगेश. त्याच संध्याकाळच्या बैठकीत त्यानं स्वतः ते पान वाचून दाखवलं. सभामंडप शाळेमागच्या माळावर गेला आणि भरावाच्या दगडांनी झऱ्याला बांधीव काठ मिळाला!

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं एखादं यंत्र धूळ खात असेल. त्याला पुसा, चालू करा. त्याला टाळ्या मोजायला लावू नका. तुम्ही स्वतः पाहिलेलं, तपासलेलं काहीतरी लिहा, चुकलात तर उघडपणे सुधारा आणि मूळ प्रत आपल्याजवळ ठेवा.

आता माझ्या यादीत मोजणाऱ्यांची अकरा नावं आहेत. काल काकीनं आपलं नाव एका बोटानं, शोधशोधून, स्वतः टाइप केलं.

“ह्ये मुंबईला दिसतंय?”

“अमेरिकेतपण दिसतंय, काकी.”

“तिकडं कोन हाय आपला? मुंबईला दिसलं, बास झालं.”